काइंड ऑफ ब्लू ऐकताना झोप येते, शक्ती मात्र डोक्यातून जात नाही. माझं चुकतंय कुठे?

सातपूरचा_तबलजी

नमस्कार मंडळी. वय 26, राहायला सातपूर. आठ वर्षं तबला शिकलो, मध्यमा झाली, मग नोकरी लागली आणि तबला कपाटावर गेला. गेल्या महिन्यात त्र्यंबकला जाताना मित्राने गाडीत 'शक्ती' या बँडचा पहिला अल्बम लावला. 'जॉय' नावाची अठरा मिनिटांची चीज आहे त्यात. झाकीरभाई आणि ते घटमवाले विनायकराम एकमेकांना जे काही देत-घेत होते, ते ऐकून मी मित्राला गाडी बाजूला घ्यायला लावली.

त्या गिटारवाल्याचा, जॉन मॅक्लॉफ्लिनचा, माग काढत गेलो. तो आधी जॅझमधल्या ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसकडे वाजवायचा असं कळलं. मग सगळ्यांनी सांगितलं की माइल्स ऐकायचा तर त्याच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमपासून सुरुवात कर. चार वेळा लावला, चारही वेळा दुसऱ्या ट्रॅकच्या आत डोळा लागला. सगळं एकाच रंगाचं वाटतं. तबलजीच्या कानाला धरायला काही आहे का त्यात, की मी सरळ फ्यूजनच, म्हणजे शक्तीसारखी सरमिसळच ऐकू?

सिडको_सहा

अरे भो, झोप येत असेल तर झोप! जबरदस्ती आहे का? 'टाइम आउट' ऐक, डेव्ह ब्रुबेकचा. त्यातलं 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे, म्हणजे अर्धा झपताल. तुला लगेच सापडेल. नाहीतर हर्बी हॅनकॉकचा 'हेड हंटर्स' लाव. 'कमेलियन'चं बेस ऐकून बुलेटवर बसल्यासारखं वाटतं, आणि गंमत म्हणजे ते गिटार नाहीच, सिंथेसायझर आहे.

पासधारक_पंचवटी

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझं काही चुकलेलं नाही. तू समेची वाट बघतोयस आणि सम तुला कुणी दाखवली नाही, एवढंच. मी पंचवटी एक्सप्रेसचा एकवीस वर्षं पासधारक. वॉकमनवर त्यातला पहिला ट्रॅक 'सो व्हॉट' ऐकत ऐकत ती सम मला कसाऱ्याला सापडली. परतीला मागून इंजिन जोडायला गाडी थांबायची, तेवढ्या वेळात बोटांच्या पेरांवर मोजत बसायचो. समोरचे गृहस्थ मला जप करणारा समजायचे आणि पाय जवळ घ्यायचे.

तर मोज. सुरुवातीला पियानो आणि बेस जे बोलतात त्यात मोजू नकोस, तो आलाप समज. मग बेस मुखडा वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत 'हो ना' म्हणतात. दीड मिनिटाच्या सुमारास ड्रमवाला जिमी कॉब एक झांज अशी मारतो की तिचा नाद हवेत राहतो. माइल्स तिथून सुटतो. ती सम.

आता तुझ्या भाषेत सांगतो. एक फेरी 32 बारची, एक बार चार मात्रांचा, म्हणजे 128 मात्रा, म्हणजे बरोबर तीनतालाची आठ आवर्तनं. पहिली चार आवर्तनं पेटीची पांढरी दोनला सा धरून काफी थाट. पुढची दोन आवर्तनं अख्खा काफी उचलून काळी दोनवर. शेवटची दोन परत पांढरी दोनवर. झालं, एवढाच नकाशा. माइल्स अशा दोन फेऱ्या घेतो, सॅक्सोफोनवाले कोल्ट्रेन दोन आणि कॅननबॉल ॲडर्ली दोन, पियानोवाला बिल एव्हान्स एक. तुला जे 'एकाच रंगाचं' वाटतंय त्यात दर फेरीला सा अर्ध्या सुराने वर जातो आणि खाली येतो. तो जाताना पकडलास की झोप उडेल. आणि हो, तुझा हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडेल. कॉबचा पाय मात्र हाय-हॅटवर, म्हणजे पायाने वाजवायच्या झांजांच्या जोडीवर, दोन आणि चारला पडतो. पहिले काही दिवस भांडण होईल, होऊ दे.

या रेकॉर्डची माझी एक जुनी कटकट सांगतो. 1984 साली फोर्टच्या फुटपाथवर अमेरिकन एलपी मिळाली, 40 रुपयांना, कव्हर पावसाने पापडासारखं फुगलेलं. घरी वडिलांची पेटी होती, ते पंचवटीत कीर्तनाला साथ करायचे. मी 'सो व्हॉट' लावून पेटीवर पांढरी दोन धरली, जुळेना. काळी दोन धरली, तीही जुळेना. सूर दोघींच्या मधे कुठेतरी. वडील म्हणाले, तुझं यंत्र बिघडलंय. टर्नटेबलचा पट्टा बदलून आणला, तेच. मग पेटीवर संशय घेतला, तर वडील दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी सहज रेकॉर्ड पालटून 'ऑल ब्लूज' लावलं, आणि ते पेटीशी चोख जुळलं! यंत्र तेच, पेटी तीच, मग पहिली बाजूच चढी कशी?

उत्तर मिळायला दहा-बारा वर्षं गेली. रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959, न्यूयॉर्कला कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. मार्चच्या दिवशी टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. त्या दिवशीच्या तिन्ही चिजा पहिल्या बाजूवर आल्या, आणि जगाने तीस वर्षांहून अधिक काळ त्या चढ्याच ऐकल्या. नव्वदच्या दशकातल्या सीडीत ते दुरुस्त केलं. तोवर वडील गेले होते. पेटीचा दोष नव्हता हे त्यांना सांगायचं राहिलं.

आता फ्यूजन. माझं मत कडू आहे. बहुतेक फ्यूजन म्हणजे तयार भातावर वरून सतार शिंपडणं. आपल्याकडे एका हॉटेलात 'जॅझ नाइट' म्हणून बोलावलं होतं, तिथे सॅक्सोफोनवर जुनी हिंदी गाणी आणि मागे ड्रमचं मशीन. मी पापड खाऊन परत आलो. शक्ती वेगळं ठरतं, कारण तिथे आधी आपापसातलीच दरी होती. एल. शंकरचं व्हायोलिन, विनायकराम आणि रामनाड राघवनचा मृदंग कर्नाटकी, झाकीर हिंदुस्थानी. मॅक्लॉफ्लिन पाचवा पाहुणा नव्हता, सगळेच एकमेकांकडे पाहुणे होते. तू म्हणतोस तो अल्बम 1975 च्या जुलैत न्यूयॉर्कजवळच्या एका कॉलेजात प्रत्यक्ष मैफलीत टेप झालाय. पण खरं सांगू? 'जॉय'पेक्षा त्यातलं छोटं 'लोटस फीट' मला सरस वाटतं. वेगाचं कौतुक किती करायचं! पुढचा 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'ही घे.

माइल्सचाच 'बिचेस ब्रू' सहा महिने लावू नकोस.

देवळाली_ड्रम्स

काका, मोजणीचं वाचून मी लगेच मोजून बघितलं, बरोबर आठ आवर्तनं! मी ड्रम शिकले तेव्हा हे असं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण 'वेगाचं कौतुक किती' हे पटलं नाही. मॅक्लॉफ्लिनच्याच महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या 'इनर माउंटिंग फ्लेम'मध्ये ड्रमवर बिली कॉबम जे वाजवतो तो नुसता वेग नाही. 1971 चं आहे ते. मात्रा विचित्र पण ठोका इतका घट्ट की तुम्हाला मोजायची गरजच पडत नाही, मान आपोआप हलते.

आणि सातपूरच्या दादा, तबलजी असशील तर त्रिलोक गुर्टू राहूच कसा दिला कुणी? मुंबईचा, ठुमरीवाल्या शोभाताई गुर्टूंचा मुलगा. जमिनीवर बसून ड्रम वाजवतो आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो, सूर खाली घसरत जातो. मी घरी करून बघितलं, आईची बादली होती, पुढचं सांगत नाही. त्याचा 1988 चा 'उसफ्रेट' ऐक, त्यात आईच गायल्यात.

'भातावर सतार' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक: शंकर-जयकिशनचा 'रागा-जॅझ स्टाइल', 1968. रईस खाँची सतार, बरोबर सॅक्सोफोन, ड्रम, आणि प्रत्येक तुकडा एकेका रागाचा. काका, यावर तुमचा निकाल काय?

पासधारक_पंचवटी

ताई, निकाल असा की तोडी आणि कलावती पन्नासदा ऐकलेत, पण ते जॅझ म्हणून नाही. सगळं आधी लिहून घेतलेलं वाटतं, कुणी कुणाला दचकवत नाही. सतार मात्र फार गोड. कॉबमच्या बाबतीत हार मानतो.

सिडकोकरांना एक दुरुस्ती. 'टेक फाइव्ह' अर्धा झपताल नव्हे. झपताल दोन-तीन, दोन-तीन जातो. 'टेक फाइव्ह' तीन-दोन. उलटं धरलं तर पोरगा पुन्हा झोपेल.

सिडको_सहा

मान्य काका. पण बुलेटचं मागे घेणार नाही.

सातपूरचा_तबलजी

रविवारी गच्चीवर बसून मोजलं. गल्लीत ढोल पथकाचा सराव चालू होता, त्यामुळे पहिल्या खेपेला माइल्सच्या दुसऱ्या फेरीतच वाहून गेलो. दुसऱ्या खेपेला कोल्ट्रेनने फसवलं, तो समेवर थांबतच नाही. तिसऱ्यांदा हेडफोन घट्ट दाबून बसलो आणि काळी दोनवर गेलेलं स्पष्ट ऐकू आलं, अंगावर काटा. आई वर कपडे काढायला आली होती, म्हणाली, 'कुणाचे हिशेब करतोयस?'

एक गोष्ट तुम्ही कुणी सांगितली नव्हती. एव्हान्सच्या फेरीत मागून फुंकणारे तिघं तेच 'हो ना'चे दोन सूर वाजवत राहतात. सोलो त्याचा, पण मुखडा ते सोडत नाहीत, लेहऱ्यासारखा.

काका, ती फुगलेल्या कव्हरची रेकॉर्ड अजून आहे का? आणि पेटी? असली तर चढी बाजू मला प्रत्यक्ष ऐकायची आहे. तबला कपाटावरून काढलाय, शाई जरा उडालीय, पण घेऊन येतो.