प्रति: टोमॅटोचं बूड काळं पडतंय

कुंडीतल्या टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम कमी पडल्यामुळे; म्हणून अंड्याची टरफलं घाला, कॅल्शियम मिळेल, असं वर दोघांनी सुचवलंय. पण ती कुजायला महिनोन्महिने लागतात, आणि अर्धं गांडूळखत असलेल्या कुंडीत कॅल्शियम सहसा कमी नसतंच. ते झाडात चढतं पाण्याबरोबर. दोन दिवस कुंडी ठणठणीत कोरडी, तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं झालं की फळाच्या बुडापर्यंत ते पोचत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मीही आधी जीवामृतच (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) वाढवत बसलो; झाड नुसतं पानांनी माजलं! मग वाळल्या पाल्याचं चार बोटं आच्छादन घातलं आणि मातीत बोट खुपसून, वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) बघूनच पाणी द्यायला लागलो. काळी पडलेली फळं सुधारत नाहीत, तोडूनच टाकावी लागली. नंतरची मात्र स्वच्छ आली.