‘व्हेपनेही तोंडाचा कर्करोग होतो’ असा फलक लावावा का?

मांजराकाठ (लातूर)
माझ्या दंत दवाखान्यात मी वरील फलक लावला आणि एका मित्राने त्यावर आक्षेप घेतला, म्हणून हा धागा. शिकवणीसाठी लातूरला राहणारी काही मुले तोंड कोरडे पडते, हिरड्या सुजतात अशी तक्रार घेऊन येतात आणि खोदून विचारल्यावर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत असल्याचे कबूल करतात. ‘डॉक्टर, ती नुसती वाफ असते,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. पण व्हेपमधील प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे द्रावण तापलेल्या तारेवर गेले की फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलीन असे पदार्थ तयार होतात आणि तार अधिक तापली की त्यांचे प्रमाणही वाढते. यांपैकी फॉर्माल्डिहाइड हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे. मग फलकात चूक ती काय?

सिंदफणा (बीड)
चूक ‘होतो’ या क्रियापदात आहे. पदार्थ सापडणे आणि रोग होणे यांच्यामध्ये मात्रा नावाची गोष्ट असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2018 च्या अहवालाने ई-सिगारेटमुळे माणसांत कर्करोग होतो किंवा नाही, हे सांगण्याजोगा पुरावा उपलब्ध नसल्याचे म्हटले होते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने तर 2015 मध्ये ती सिगारेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी हानिकारक ठरवली. मी स्वतः चौदा वर्षे सिगारेट ओढली आणि नोकरीनिमित्त इंग्लंडला असताना व्हेपच्या आधाराने ती सोडली. तुमचा फलक तेव्हा वाचला असता, तर कदाचित सिगारेटच धरून बसलो असतो.

गोदाकाठ (नांदेड)
आपण उल्लेखिलेल्या अकादमीच्या अहवालाचा दुसरा भागही सांगायला हवा होता : या वाफेतील काही रसायने पेशींतील डीएनएला इजा करू शकतात, याला भक्कम पुरावा आहे, असेही त्यात नमूद आहे. 95 टक्क्यांचा आकडा तज्ज्ञांच्या गटाने दिलेल्या गुणांवरून आला. रुग्ण मोजून कोणी तो काढलेला नाही. शिवाय आजची ई-सिगारेट चीनमध्ये 2003 च्या सुमारास निघाली, म्हणजे तीस वर्षे ती ओढलेला माणूस अजून जगात नाही. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 मध्ये दाखवले, तोवर दोन पिढ्या ओढून झाल्या होत्या. मी शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातील मुलाने सिगारेट कधी ओढलेलीच नसते, तेव्हा त्याच्यासाठी ‘सिगारेटपेक्षा कमी’ या तुलनेला अर्थ उरत नाही.

सिंदफणा (बीड)
मुलांनी ओढू नये, हे मान्यच. पण ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झाला. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर तंबाखू चघळणारे व दातांना लावणारे 24.4 टक्के. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या गावोगाव मिळतात. ई-सिगारेटची विक्री 2019 च्या कायद्याने बंद आहे आणि तंबाखू मात्र चुन्याच्या डबीसह उजळ माथ्याने विकली जाते. मराठवाड्यात तोंडाच्या कर्करोगाचे कारण शोधायला व्हेपपर्यंत जावे लागते का?

मांजराकाठ (लातूर)
जावे लागते, कारण तोंडे तीच आहेत. माव्यातील (सुपारी-तंबाखूच्या चघळायच्या मिश्रणातील) सुपारी स्वतःच कर्करोगकारक असून तिने गालाचे अस्तर आखडत जाते. माझ्याकडे येणाऱ्या काहींचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. असा एक तरुण मावा सुटला म्हणून आनंदाने सांगत होता आणि त्याच्या खिशात व्हेप होता, कारण त्याला चावावे लागत नाही. आधीच बिघडलेल्या अस्तरावर ही रसायने रोज गेली तर काय होईल, ते निरोगी इंग्रज माणसाच्या मोजपट्टीने मला सांगता येणार नाही. तरीही ‘होतो’ या शब्दावरची आपली हरकत मी स्वीकारतो. ‘व्हेपची वाफ निर्धोक नाही, तिच्यातही कर्करोगकारक द्रव्ये असतात’ असा बदल करतो. आणि चौदा वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसाने एकदा तोंड तपासून घ्यावे; पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम आरशात आपली आपल्याला नेहमी दिसतेच असे नाही.

सिंदफणा (बीड)
येतो, डॉक्टर. नव्या फलकात तंबाखू आणि सुपारी ही नावे व्हेपच्या वर आणि मोठ्या अक्षरांत असावीत, एवढी अट आहे.