सनच्या मशीनवर पायथन कंपाइल होत नाहीये, अर्जंट मदत हवी

गंजका_स्क्रू: लॅबमधल्या सनच्या मशीनवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवायचीय. सोर्स कोड उतरवला, मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट मारली की दोन सेकंदांत गप्प. म्हणे सी कंपायलरच (सोर्सचा चालणारा प्रोग्रॅम करणारा) सापडत नाही. अहो आहे ना! 'व्हिच सीसी' केलं की कंपायलर कुठे आहे ते दाखवतंय. पाथबिथ (कमांड कुठल्या डिरेक्टरींत शोधायच्या ती यादी) सगळं बघून झालंय. सोमवारी सरांना आकडे द्यायचेत.

वाटाण्याच्या_अक्षता: 'सनचं मशीन' म्हणजे काय समजायचं? सूर्यचूल? 'युनेम -ए' मारा, सिस्टीम कुठली ते कळेल, ते उत्तर टाका. पायथन कितवं? आणि व्हिचने नेमकं काय दाखवलं?

निवांत_पोपट: इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत तळाशी 'ॲड टू पाथ'ची टिक राहिली असणार. माझं दोनदा झालंय. काढून परत टाका.

वाटाण्याच्या_अक्षता: पोपटराव, ते विंडोजवर.

गंजका_स्क्रू: सन कंपनीचा सन ब्लेड १५० संगणक, ऑपरेटिंग सिस्टीम सनओएस ५.१०. पायथन २.७.१८. सीसी /यूएसआर/यूसीबी/सीसी इथे आहे. आता सांगा.

पेंग्विनप्रेमी: २.७ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. कशाला मढं उकरताय? लिनक्स टाका आणि मोकळे व्हा.

गंजका_स्क्रू: एनएमआर यंत्राला (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना तपासणाऱ्या) जोडलेलं मशीन आहे. त्यावर लिनक्स टाकलं तर सर मला टाकतील.

दाणेकूट: मी असल्या मशीनवर कधीच काही कंपाइल करत नाही. ओपनसीएसडब्ल्यूचं पीकेजीयुटिल घ्या, ते नेटवरून तयार पॅकेज उतरवून बसवतं, एका ओळीत काम.

गंजका_स्क्रू: नेटवर्कवर नाहीये हो ते. सोर्स सीडीवर आणलाय.

दाणेकूट: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

सनकी_म्हातारा: ५.१० म्हणजे सोलारिस १०. यूसीबीमधला तो सीसी कंपायलर नव्हेच, नुसती शेल स्क्रिप्ट आहे. खरा कंपायलर वेगळा घ्यावा लागायचा. तो नसला की ही स्क्रिप्ट 'लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड' एवढं बोलून बसते. कॉन्फिगरला हे ठाऊक असतं, म्हणून ते तिला मुद्दाम वगळतं. पण सोलारिस १० च्या सीडींबरोबरच जीसीसी ३.४.३ हा फुकट कंपायलर यायचा. /यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन मध्ये बघा. असला तर ती डिरेक्टरी पाथमध्ये सगळ्यात पुढे घाला. कंपाइलचं काम क्रमाने करून घेणाऱ्या मेक कमांडच्या जागी तिथलंच जीमेक वापरा.

पेंग्विनप्रेमी: डेटा फायली लॅपटॉपवर नेऊन वाचल्या तर? सनचा स्पार्क प्रोसेसर बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवतो; पायथनच्या स्ट्रक्ट या बाइट वाचणाऱ्या मॉड्यूलमध्ये '>' दिलं की झालं. एवढा खटाटोप कशाला?

सनकी_म्हातारा: हे मात्र बरोबर बोललात. त्या लिनक्सपेक्षा आधी हेच सांगायचं होतं.

पेंग्विनप्रेमी: आधी नेटवर्क नाही हे कुणाला माहीत होतं?

गंजका_स्क्रू: यंत्र चालू असतानाच आकडे हवेत, लॅपटॉप नको. जीसीसी होता!! कॉन्फिगर पार झालं. जीमेक पंधरा मिनिटं चाललं आणि मेलं: 'एआर: नॉट फाउंड'. आता हा एआर कोण?

वाटाण्याच्या_अक्षता: पाथ 'सगळं बघून झालंय' ना?

सनकी_म्हातारा: एआर म्हणजे ऑब्जेक्ट फायलींची मोट बांधून लायब्ररी करणारा. तो /यूएसआर/सीसीएस/बिन मध्ये राहतो. तीही पाथमध्ये घाला आणि जीमेक परत मारा. झालेलं पुसू नका, पुढून सुरू होईल.

जाता जाता एक अवांतर सांगतो. आमच्या सनच्याच अल्ट्रा १० च्या एनव्हीरॅम चिपमधली (मशीनची सेटिंग्ज लक्षात ठेवणाऱ्या) बॅटरी मेली, तेव्हा मशीन स्वतःचा इथरनेट पत्ताच विसरलं होतं. दर वेळी सिस्टीम सुरू होण्याआधीच्या ओके प्रॉम्प्टवर हाताने भरायचो.

निवांत_पोपट: बॅटरी वेळेवर बदलायला हवी होती.

सनकी_म्हातारा: चिपच्या पोटात असते हो ती. काहीजण करवतीने चीप कापून बाहेरून सेल जोडायचे.

गंजका_स्क्रू: झालं! शेवटी एसएसएल (नेटवरचं सुरक्षित कनेक्शन) वगैरे मॉड्यूल बनली नाहीत म्हणून मोठी यादी आली.

सनकी_म्हातारा: नेटवर्कच नाही तर एसएसएल काय करायचंय? यादीत स्ट्रक्ट नाही ना, मग चालवा.

गंजका_स्क्रू: नाहीये. पहिली फाईल वाचली पण. धन्यवाद काका, आणि बाकीचेही.

दाणेकूट: तो स्टॉपचं बटण असलेला कीबोर्ड भंगारात जाणार असेल तर मला कळवा.