कास्ट आयर्न बुलेट ३५०: घरच्या दुरुस्तीचे अनुभव

बिडाच्या (कास्ट आयर्न) सिलिंडरची, चार गिअरची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली, पॉइंटवर (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांवर) चालणारी जुनी बुलेट अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे आवतण. सहलीचे किस्से नकोत. काय उघडलं, कोणतं माप ठेवलं, काय चुकतं आणि का, एवढंच लिहा. खाली प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या गावाचं नाव आहे.

सुरुवात पान्यांपासून करतो. १९५५ पासून ही गाडी मद्रासला जुळायला लागली, ती इंग्लंडची मापं घेऊनच. त्यामुळे जुन्या इंजिनवर इंची आणि मेट्रिक नटांची सरमिसळ सापडते. १३ चा पाना 'जवळपास' बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. व्हिटवर्थचा (जुन्या इंग्रजी मापाच्या पान्यांचा) सेट घ्या. त्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याचा नाही, म्हणून १/४ लिहिलेल्या पान्याचं तोंड बघून दचकू नका.

पुणे

गाडी खोकायला लागली की निम्मे लोक आधी कार्बोरेटर सोडतात. माझ्या मते दहातल्या सात वेळा दोष पॉइंटमध्ये असतो. क्रम असा: प्लग, पॉइंट, टायमिंग, आणि मगच कार्बोरेटर.

प्लगचा गॅप ०.४५ ते ०.५ मिमी. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक ऑइल स्टोनवरून दोन हात फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढा. पॉलिश पेपर वापरलात तर त्याचे कण आत रुततात आणि आठवड्यात पुन्हा तीच रड. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तसा गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे पडतं. गाडी मवाळ होते, चढावर तापते. म्हणून कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. त्याहून जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवरच बसतं.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, गॅपनंतरच, कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, म्हणजे दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्या) मोकळे असताना, वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे आणा. प्लगचं भोक तिरकं आहे, त्यात सायकलचा स्पोक घालू नका, अडकून वाकतो. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ताण द्या. प्लेटचे स्क्रू सैल करून प्लेट सावकाश फिरवा. कागद सुटतो ती जागा. किक उलटी मारत असेल तर टायमिंग पुढे गेलंय किंवा ॲडव्हान्सची (वेगानुसार ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजून उघडीच अडकलीत. तिथे तेलाचा एक थेंब पुरतो.

पॉइंटवर ठसठशीत निळी ठिणगी दिसत असेल आणि गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल, तर कंडेन्सर बदला. स्वस्त भाग आहे, एक जास्तीचा टूलबॉक्समध्ये टाका.

कोल्हापूर

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हच्या पुशरॉडला ठेवायच्या ढिलाईबद्दल. फीलर गेज लागत नाही, बोटं लागतात. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. उजवीकडे सिलिंडरच्या पायथ्याशी असलेलं झाकण काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. इनटेकचा पुशरॉड दोन बोटांत अलगद फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये. एग्झॉस्टचा त्याहून केसभर सैल.

फसगत होते ती लॉकनटापाशी. नट आवळताना ॲडजस्टर सोबत फिरतो आणि बरोबर बसवलेलं माप घट्ट होतं. खालचा भाग एका पान्याने धरून ठेवायचा, आवळायचं आणि पुन्हा बोटांनी बघायचं. दोन-तीन वेळा करावंच लागतं. टकटक आवाज नको म्हणून एग्झॉस्ट घट्ट ठेवणारे आहेत. मग व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही, त्याची उष्णता सिलिंडरच्या डोक्यात उतरत नाही आणि कड जळते. थोडी टकटक असलेली बरी.

डिकॉम्प्रेशनची (किकआधी सिलिंडरमधला दाब सोडणारी) केबलही बघा. तिला जरा ढील हवी. ताणलेली असेल तर कॉम्प्रेशन गळत राहतं आणि माणूस रिंगांवर संशय घेत बसतो.

बोअर करायचं (झिजलेला सिलिंडर आतून मोठा करायचं) ठरलंच तर आधी पिस्टन विकत घ्या, मग तो घेऊन लेथवर जा. मूळ बोअर ७० मिमी. 'वीस'चा, 'चाळीस'चा हे इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात, पण डब्यावरचा आकडा आणि हातातला पिस्टन यांत फरक निघतो. नुसता आकडा सांगून बोअर करून घेऊ नका. सिलिंडर निघालेलाच आहे तर कनेक्टिंग रॉड धरून वरखाली ओढून बघा. बाजूला हलला तर चालेल. उभा खडखडला की बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) गेलं, आणि ते काम प्रेसचं आहे, घरचं नाही.

नागपूर

पुण्याचं ऐंशी टक्के मान्य, पण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. जुने रबरी पाइप आणि वॉशर याच्यात फुगतात, चिकट होतात. नवा पाइप घेताना इथेनॉल चालणाराच मागा. गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करा, नाहीतर ओलावा धरून जेटच्या तोंडाशी हिरवट पांढरी बुरशी येते. जेट साफ करायला तार वापरू नका. हवेचा फवारा, नाहीतर नायलॉनचा केस.

या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि मधल्या थ्रॉटलला गाडी गुळगुळीत चालते. एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरी उघडा, बाकी कानाने. मिकार्ब कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू आत नेला की मिश्रण जाड होतं.

आयडल वरखाली होतंय आणि कशानेच बसत नाही? कार्बोरेटरचं फ्लँज काचेवर ठेवून बघा. दोन नट जीव खाऊन आवळल्याने ते केळ्यासारखं वाकतं आणि मधून हवा ओढतं. काचेवर पॉलिश पेपर पसरून आठच्या आकड्यात घासलं की सपाट होतं.

रत्नागिरी

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की इंजिनच्या तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. मग डिपस्टिक कोरडी दिसते आणि लोक वरून आणखी तेल ओततात! चालू केली की धुराचा लोट आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाची चूळ. आधी खालचा क्रँककेसचा ड्रेन प्लग काढून उतरलेलं तेल मोजून काढा, तेवढंच वर घाला. हा प्लग ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतो, लांब पान्याने आवळू नका.

तेल २०डब्ल्यू-५०, बदलताना साधारण दोन लिटर लागतं. फेल्टचा फिल्टरही सोबत बदला. स्प्रिंग, वाटी, वॉशर ज्या क्रमाने निघाले तसे जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडा. बसवल्यावर फिल्टरची पोकळी तेलाने भरा, नाहीतर पंपात हवा अडकते. मग इंजिन आयडलवर ठेवून सिलिंडरच्या डोक्यावरचा, रॉकरला तेल नेणाऱ्या नळीचा बोल्ट अर्धी फेरी सैल करा. मिनिटभरात तिथे तेल पाझरलं पाहिजे. नाही आलं तर इंजिन लगेच बंद.

ब्रीदरच्या टोकाचं रबरी बदकतोंड कडक झालं की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि प्रत्येक सांध्यातून तेल येतं. पॅकिंगवर पॅकिंग बदलण्याआधी ते बघा.

नाशिक

डाव्या बाजूचं मोठं झाकण मधल्या एकाच नटावर आहे. गळतंय म्हणून तो नट आवळला की झाकण मधे दबतं, कडा उचलतात आणि जास्त गळतं. रबर नवं घ्या, खाच ब्रशने साफ करा, नट बेताने.

आतली (इंजिनकडून क्लचकडे जाणारी) चेन सर्वांत ताठ जागेला ६ मिमी हलली पाहिजे. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, झिजलेली चेन सगळीकडे सारखी नसते. फार ताठ ठेवली तर बेअरिंग खाते. आत मोटरसायकलचंच तेल घाला. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरतो. लिव्हरपाशी केबलला २-३ मिमी ढील. गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नसेल तर दोष बहुधा गिअरबॉक्सचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाही.

ठाणे

नाशिकला जोडून: चालत्या गाडीत मधेच खोटं न्यूट्रल (दोन गिअरच्या मधे अडकणं) लागत असेल तर गिअरबॉक्स उघडायची घाई नको. गिअरच्या झाकणात दोन बोल्टांवर सरकणारी प्लेट आहे. बोल्ट सैल करून ती मिलिमीटरभर सरकवा, आवळा, मागचं चाक हाताने फिरवत चारही गिअर वर आणि खाली टाकून बघा. एकीकडे सुधारलं आणि दुसरीकडे बिघडलं तर अर्धं परत.

बेळगाव

मागची चेन: ढील २० ते २५ मिमी, गाडीवर माणूस बसलेला असताना. क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला. चाक मागेपुढे करणाऱ्या दोन्हीकडच्या गोगलगायीच्या (गोल चकत्यांच्या) खाचा सारख्या मोजल्या तरी चाक सरळ असेलच असं नाही. मागच्या टायरपासून पुढपर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून बघा. आणि ॲक्सलचा नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजा, ती हमखास कमी झालेली असते.