प्रति: वॉरिक बायकोच्या इस्टेटीवर मोठा झाला?

वर म्हटलंय की पंधराव्या शतकातला इंग्लंडचा बडा सरदार रिचर्ड नेव्हिल म्हणजे वॉरिकचा अर्ल नुसता बायकोच्या इस्टेटीवर मोठा झाला, ते अर्धं पटतं. १४४९ मध्ये अर्लचा किताब मिळाला तो बायकोच्या, ॲन बीचमच्या, वारशामुळेच. पण जमिनीवरच सगळं ठरत असतं तर राजगादीवर हक्क सांगणारा यॉर्कचा ड्यूक त्याच्यापेक्षा तगडा जमीनदार होता, आणि तरी तो १४६० ला वेकफिल्डच्या लढाईत मारला गेलाच. कॅलेचा विषय इथे कुणी काढलाच नाही म्हणून लिहितोय. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं ते इंग्रजांचं ठाणं, तिथे कायमची पगारी फौज असायची, इंग्लंडात तशी फौज कुणाकडेच नव्हती, राजाकडेसुद्धा नाही, आणि त्या ठाण्याचा कॅप्टन होता वॉरिक. दरबारातून पैसे वेळेवर येईनात तर पठ्ठ्याने १४५८ मध्ये सरळ इंग्लिश खाडीतली परक्यांची जहाजं लुटली, आणि लंडनचे व्यापारी चिडायचे सोडून खूशच झाले!

शिवाय माणसं धरून ठेवायची कला. त्याच्या लंडनच्या वाड्यात म्हणे एका न्याहारीला सहा बैल फस्त व्हायचे, आणि वाड्यात कुणाची ओळख असली की लांब खंजिरावर टोचून मावेल तेवढं भाजलेलं-शिजवलेलं मांस घेऊन जायची मुभा. आकडा थोडा फुगवलेला असेलही, लिहिणारा शंभराहून जास्त वर्षांनंतरचा आहे, पण आसपासच्या खानावळींतही त्याच्याच घरचं मांस दिसायचं म्हणे. आता असा माणूस लाल डगले घातलेली सहाशे माणसं घेऊन रस्त्यातून निघाला की लोक कुणाचा जयजयकार करणार, आजारी राजा सहाव्या हेन्रीचा?