मदत हवी आहे: खांबावरच्या पेट्यांबद्दल नेमकं काय विचारायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या चौकातल्या खांबांवर नवीन पेट्या बसल्यात. हवा मोजतात म्हणे, पण एकीला कॅमेऱ्यासारखं भिंगही दिसतंय. पेटीवर ना नाव, ना फोन नंबर. चौकशी केली तर 'वरून आलंय' एवढंच उत्तर.

विरोध करायचा नाहीये. शाळेसमोरच्या धुराचे आकडे आम्हालाही हवेतच. पण कुठे काय मोजायचं हे ठरवताना रहिवाशांना बोलवायला नको? ॲमस्टरडॅममध्ये डिसेंबर २०२१ पासून सार्वजनिक जागेतल्या सेन्सरची नोंद सक्तीची आहे आणि ती नकाशावर कुणालाही पाहता येते. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये तर २०१५ पासून लोक स्वतःच धूळमापक जोडून घराबाहेर लावतायत. (दमट हवेत स्वस्त सेन्सर आकडा फुगवून दाखवतात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात पंचाईतच.)

तर माहितीच्या अधिकारात आधी काय मागावं? कंत्राटाची प्रत, पेटीत काय काय बसवलंय त्याची यादी, की चित्रण होत असेल तर ते किती दिवस ठेवतात आणि कोण बघतं? कुणी आपल्या प्रभागात अशी बैठक घडवून आणलीये का? अर्जाचा नमुना असेल तर प्लीज टाका. शुक्रवारी सोसायटीची मीटिंग आहे, आणि आमच्या अध्यक्षांना कशालाही 'हे कशाला?' म्हणायची सवय आहे.