अभयारण्याची हद्द नेमकी आमच्याच गावांवर का येते?

प्रश्न (कणकुंबी भागातील वाचक)
कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. बारापेडे गुहेतील दुर्मिळ वटवाघळे आणि म्हादईचे खोरे राखलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु ज्या आमगाव-गवाळी परिसरात पावसाळ्यात आजारी माणसाला आजही खांद्यावरून न्यावे लागते, तिथेच सगळे निर्बंध का येतात? ही निवड केवळ जंगल पाहून होते, की माणसांची परिस्थिती पाहूनही?

उत्तर १
दोन्ही पाहून होते, आणि दुसऱ्या कारणाबद्दल फारसे बोलले जात नाही. १४७ देशांतील संरक्षित क्षेत्रांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ही क्षेत्रे प्रामुख्याने उंच, चढणीच्या आणि रस्त्यांपासून दूरच्या जमिनीवर आढळली. म्हणजे जिथे शेतीचे उत्पन्न कमी आणि विरोध करणाऱ्यांचा आवाज क्षीण, तिथे. आपल्याच जिल्ह्यात पाहा. भीमगड सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे; उसाच्या पट्ट्यातील घटप्रभा पक्षी अभयारण्य मात्र सुमारे ३० चौरस किलोमीटरचे, तेही मुख्यतः जलाशय आणि त्यातील बेटे. बागायती जमिनीला हात लावण्याची वेळच तिथे आली नाही.

उत्तर २ (जांबोटीजवळचा शेतकरी)
हद्दीबाहेरही हेच चालते. भात पोटरीला आले की आम्ही रात्रभर माळ्यावर बसून राखण करतो. तरी गव्यांचा कळप एकदा शिरला की पहाटे बांधापर्यंत चिखलच उरतो. नुकसानभरपाईच्या अर्जाला उतारा जोडावा लागतो, अर्ज कन्नडमध्ये भरावा लागतो. ज्याच्या नावावर उतारा आहे आणि ज्याला कचेरीत खेटे घालता येतात, त्याच्या शेताचा पंचनामा होतो. जो पिढ्यान्‌पिढ्या वनखात्याच्या जमिनीवर नाचणी पिकवत आला, त्याचे नुकसान कागदावर येतच नाही आणि मग त्या भागात वन्यप्राण्यांचा त्रासच नाही, असे वरिष्ठांना वाटते. सौरकुंपण कुठे घालायचे, हेही त्याच कागदांवरून ठरते. हा अन्याय मला फार जिव्हारी लागतो.

उत्तर ३
अभयारण्यातील गावे बाहेर हलवण्याबाबत, म्हणजे पुनर्वसनाबाबत, एक गोष्ट स्पष्ट लिहितो. प्रतिकुटुंब १५ लाखांची मदत ऐकून तरुण होकार देतात, कारण ते आधीच गोव्याला कामाला गेलेले असतात. ज्यांचे जगणे गुरांवर आणि जंगलावर आहे, त्या वयस्करांचे गणित वेगळे असते. त्यामुळे एखादे गाव आपखुशीने उठते आहे असे म्हणताना रस्ता, शाळा आणि दवाखाना त्या गावाला कधी मिळाले होते का, हे आधी विचारावे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमिनीवरील हक्काच्या दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनवासीयाला जमिनीवरून हटवता येत नाही, आणि वन्यजीवांसाठी अत्यावश्यक अधिवास म्हणून गाव हलवायचे असल्यास ग्रामसभेची लेखी संमती लागते. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. त्यासाठी जुने दस्त आणि गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब आत्ताच गोळा करून दावे दाखल करा. त्यांचा निकाल लागण्याआधी संमतीच्या कागदावर कोणीही सही करू नये.